लेझरसमोर रंगीत काच, जिलेटीन पेपर, वेल्डिंगची काच: डोळा कशाने वाचतो आणि कशाने नाही

आकाशकंदिलाचा जिलेटीन पेपर, नारिंगी ॲक्रिलिकचा तुकडा, उन्हाळी गॉगल, वेल्डिंगची काच, जुनी एक्स-रे फिल्म. घरात किंवा बाजारात सहज मिळणारी यांतली एकही वस्तू लेझरपासून बचाव म्हणून डोळ्यांवर लावू नये. काही वस्तू थोडाफार उजेड अडवतात हे खरे. पण किती अडवतात, कोणत्या तरंगलांबीचा अडवतात आणि किती वेळ तग धरतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्यावर कुठेच लिहिलेली नसतात. ही उत्तरे ठाऊक नसताना वस्तू डोळ्यांवर चढवणे हे काहीच न लावण्यापेक्षा वाईट, कारण मग माणूस निर्धास्तपणे ठिपक्याकडे बघत बसतो.

उदाहरणासाठी आज सगळीकडे दिसणारे यंत्र घेऊ. कीचेन, नावाच्या पाट्या, एमडीएफच्या ट्रॉफ्या, लग्नाच्या भेटपेट्या कोरणारे निळ्या डायोड लेझरचे छोटे एनग्रेव्हर. त्याची तरंगलांबी ४५० नॅनोमीटरच्या आसपास आणि प्रकाशशक्ती बहुधा ५ ते २० वॅट. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर वर्ग ४ मध्ये, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो. त्या वर्गात थेट झोतच नव्हे, लाकडावरून विखुरलेला उजेडही डोळ्याला इजा करू शकतो.

आधी दोन आकडे शोधा

पहिला आकडा तरंगलांबी. निळा डायोड ४४५ ते ४५५, हिरवा पॉइंटर ५३२, लाल पॉइंटर ६३५ ते ६५०, धातूवर मार्किंग करणारा फायबर लेझर १०६४, आणि ॲक्रिलिक कापणारा सीओटू नळीचा लेझर १०,६०० नॅनोमीटर. शेवटचे दोन डोळ्यांना दिसतच नाहीत.

दुसरा आकडा प्रकाशशक्ती, आणि इथे जाहिरात फसवते. खोक्यावर "४० वॅट" छापलेल्या कित्येक डायोड यंत्रांत प्रत्यक्ष प्रकाश ५ वॅटच्या घरात असतो. बाकीचा आकडा यंत्र किती वीज खाते त्याचा. माहितीपत्रकात "ऑप्टिकल पॉवर" असे स्पष्ट लिहिले असेल तोच आकडा धरा. लिहिले नसेल तर मोठा आकडा धरून हिशेब करा. जास्त धरल्याने कुणाचा डोळा जात नाही.

ओडीचा हिशेब

काच किती उजेड अडवते हे ऑप्टिकल डेन्सिटीत, म्हणजे ओडीत मोजतात. ओडी १ म्हणजे दहावा हिस्सा आरपार जातो, ओडी २ म्हणजे शंभरावा, ओडी ३ म्हणजे हजारावा. प्रत्येक अंकाला दहापट फरक पडतो.

दिसणाऱ्या उजेडात सुरक्षिततेची ढोबळ सीमा १ मिलीवॅट धरतात. एवढा उजेड डोळ्यात गेला तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि बहुतेक वेळा निभावते. आपला लेझर ५ वॅट, म्हणजे ५,००० मिलीवॅट. तो १ मिलीवॅटवर आणायचा तर पाच हजारपट कमी करावा लागतो. पाच हजारचा लॉगॅरिदम ३.७, म्हणून किमान ओडी ४ हवी. हा हिशेब पाव सेकंदाचा आहे. कामाच्या ओघात माणूस ठिपक्याकडे त्याहून बराच जास्त वेळ बघतो, आणि निळा प्रकाश दृष्टिपटलावर उष्णतेखेरीज रासायनिक परिणामही करतो, जो दिवसभर साचत जातो. म्हणून ५ ते १० वॅटच्या निळ्या यंत्राला ओडी ५, शक्य असेल तर ६, घ्यावी.

आता हाच हिशेब जिलेटीन पेपरला लावून बघा. समजा नारिंगी पेपरच्या एका थरातून निळ्या उजेडाचा पाचवा हिस्सा आरपार जातो. म्हणजे त्याची ओडी ०.७. तीन थर लावले तर २.१. पाच वॅटमधले सुमारे ४० मिलीवॅट तरीही डोळ्यापर्यंत पोचतात, सीमेच्या चाळीसपट. ओडी ५ गाठायला आठ थर लागतील, आणि आठ थरांतून कोरीव काम धड दिसणार नाही. शिवाय "पाचवा हिस्सा" हे आपण समजून चाललो आहोत. खरा पेपर या गठ्ठ्यात एक, पुढच्या गठ्ठ्यात दुसराच असतो, कारण तो बनवणाऱ्याला रंग बरा दिसण्याशी मतलब.

रंग डोळ्याला का फसवतो

ओडी २ ची नारिंगी काच आणि ओडी ५ ची नारिंगी काच शेजारी ठेवल्या तर दोन्ही सारख्याच नारिंगी दिसतात. निळा ९९ टक्के अडला काय आणि ९९.९९९ टक्के अडला काय, उरलेल्या लाल-पिवळ्या उजेडापुढे आपल्याला फरक कळत नाही. लेझरसमोर मात्र हा फरक हजारपटीचा. गडद दिसते म्हणून सुरक्षित, हा समज इथेच मोडतो.

याहून मोठी फसगत अदृश्य उजेडात होते, आणि ती लेझरशिवाय घरीच पाहता येते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. रिमोटच्या टोकाचा दिवा कॅमेऱ्यात फिकट जांभळा लुकलुकतो. तो साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड) उजेड. आता मध्ये लाल, निळा आणि हिरवा जिलेटीन पेपर एकावर एक ठेवून धरा. डोळ्यांना ही चळत जवळपास काळी दिसते, खिडकीसुद्धा दिसेनाशी होते. कॅमेऱ्यातला दिवा मात्र बहुतेक वेळा तसाच लुकलुकत राहतो. रंगीत फोटोच्या निगेटिव्हचा काळा तुकडा आणि जुन्या फ्लॉपीची चकती यांचीही हीच गत. प्लॅस्टिकमधले बहुतेक रंग फक्त दिसणारा उजेड गिळतात, अवरक्ताला वाट मोकळी ठेवतात.

म्हणूनच निळ्या डायोडच्या यंत्राची नारिंगी खिडकी फायबर लेझरवर बसवणे घातक आहे. १०६४ नॅनोमीटरला ती खिडकी जवळपास साध्या काचेसारखी, आणि तो उजेड दिसत नसल्याने पापणीही मिटत नाही. डोळ्याचे भिंग ४०० ते १,४०० नॅनोमीटरचा उजेड दृष्टिपटलावर अगदी बारीक बिंदूत गोळा करते. बुबुळावर पडलेल्या उजेडाची तीव्रता तिथे सुमारे लाखपट होते. स्वस्त हिरव्या पॉइंटरचा धोकाही याच जातीचा. त्याच्या आत ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकाला चेतवतो, स्फटिकातून १०६४ निघतो आणि तो दुसऱ्या स्फटिकात अर्ध्यावर येऊन ५३२ चा हिरवा होतो. शेवटची अवरक्त गाळणी बसवली नाही तर तिन्ही बाहेर पडतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये अशा एका पॉइंटरची माहिती प्रसिद्ध केली होती. १० मिलीवॅट हिरव्याच्या त्या पॉइंटरमधून हिरव्यापेक्षा अवरक्त जास्त बाहेर पडत होता.

सीओटू लेझरचे गणित याच्या उलट. १०,६०० नॅनोमीटरला साधे पारदर्शक ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट आणि काच या तिन्ही अपारदर्शक असतात. त्या यंत्राच्या झाकणातले नारिंगी ॲक्रिलिक रंगामुळे नव्हे, ॲक्रिलिक असल्यामुळे काम करते. विखुरलेला उजेड ते अडवते. ४० वॅटचा थेट झोत मात्र त्यालाच कापून पार जाईल, कापणे हेच तर त्या लेझरचे काम. "आमच्या सीओटूला साधे ॲक्रिलिक चालते" म्हणून तीच शीट डायोड किंवा फायबर यंत्राला लावण्याची चूक वर्कशॉपमध्ये नेहमी होते.

नेहमी सुचवल्या जाणाऱ्या वस्तू

उन्हाळी गॉगलची ओडी बहुतेक ०.५ ते १ च्या मध्ये. "यूव्ही ४००" लिहिलेला गॉगल ४०० नॅनोमीटरच्या खालचे अडवतो. ४५० त्याच्या कक्षेतच नाही. त्यात काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, म्हणजे झोतासाठी दार अधिक उघडते.

वेल्डिंगच्या काचेबद्दल जास्त वाद होतो, म्हणून जरा खोलात जाऊ. शेडचा, म्हणजे काचेच्या गडदपणाचा क्रमांक आणि दिसणाऱ्या उजेडातली सरासरी ओडी यांचे सूत्र आहे: क्रमांकातून १ वजा करा, ३ ने गुणा, ७ ने भागा. शेड ५ ची ओडी १.७, शेड १० ची ३.९, शेड १३ ची ५.१. कागदावर शेड १३ पुरेशी वाटते. पण हा आकडा दिसणाऱ्या सगळ्या उजेडाची सरासरी आहे, ४५० ची हमी नव्हे. त्या काचेतून ठिपका सोडून दुसरे काही दिसत नाही, मग माणूस ती वर करून बघतो आणि इजा तेव्हाच होते. आपोआप काळे होणारे हेल्मेट तर बादच. ते वेल्डिंगच्या ठिणगीवर जागे होते, लेझरच्या ठिपक्यावर होईलच असे नाही, आणि निवांत अवस्थेत त्याची शेड ३ किंवा ४, म्हणजे ओडी फार तर १.३.

ग्रहणाचे चष्मे सूर्यासाठी पुरेसे गडद असतात, पण ती बहुधा धातूचा पातळ लेप दिलेली प्लॅस्टिकची फिल्म असते. एकवटलेला झोत लागला की लेप जळून भोक पडते. हाच दोष जिलेटीन पेपर आणि एक्स-रे फिल्मचा. जी वस्तू उजेड गिळते ती तापते, आणि पातळ प्लॅस्टिकला वितळायला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो. लेझरचा खरा गॉगल ओडीबरोबरच झोत अंगावर घेऊन टिकण्यासाठी तपासलेला असतो. घरगुती फिल्टरची ती बाजू कुणीच तपासत नाही.

गॉगल निवडताना

युरोपीय मानक ईएन २०७ नुसार गॉगलच्या काचेवरच खूण कोरलेली असते, उदाहरणार्थ "डी ४४०-४६० एलबी५". डी म्हणजे अखंड झोत, मधले आकडे तरंगलांबीचे, आणि एलबी५ म्हणजे आरपार जाणारा उजेड लाखाव्या हिश्श्याहून कमी, शिवाय त्या पातळीचा झोत काही सेकंद सोसण्याची चाचणी झालेली. फायबर लेझर स्पंदांचा, म्हणजे तुटक झटक्यांचा असतो, म्हणून त्याच्या गॉगलवर १०६४ साठी डीबरोबर आर हे अक्षरही बघा; ते नॅनोसेकंदांच्या स्पंदांसाठी. अमेरिकी पद्धतीच्या गॉगलवर "ओडी ६+, १९० ते ५४० नॅनोमीटर" असा मजकूर असतो. तोही चालतो, पण बनवणाऱ्याचे नाव आणि तरंगलांबीनुसार ओडीचा आलेख मागून घ्या.

यंत्राच्या खोक्यात फुकट येणारा, काहीच खूण नसलेला हिरवा किंवा लाल चष्मा नाहीच असे समजा. तो नाकारण्याची सोपी परीक्षा अशी: निळ्या एलईडीच्या माळेचा एक दिवा त्यातून बघा. दिवा निळा दिसला तर चष्मा केरात टाका. दिसला नाही तर "लगेच नापास नाही" एवढेच कळले. ओडी २ च्या चष्म्यातूनही तो दिसेनासा होऊ शकतो. ही परीक्षा लेझर लावून कधीही करू नका.

लेझर पॉवर मीटर असेल तर मधे काच धरून आणि न धरता शक्ती मोजता येते. दोन्हींच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम म्हणजे ओडी. पण ५ वॅटचा झोत ओडी ५ मधून ०.०५ मिलीवॅटवर येतो, आणि वॅटमध्ये मोजणारा थर्मल मीटर तिथे शून्यच दाखवतो. खराब काच पकडायला ही मोजणी उपयोगी, चांगली काच प्रमाणित करायला नाही.

गॉगल बाजूंनी बंद हवा आणि नंबरच्या चष्म्यावर बसायला हवा. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा. ॲसिटोन किंवा थिनर लावला की प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका. ओरखडा, तडा किंवा रंग उडालेला दिसला की बदला. आणि कितीही चांगला गॉगल झोतात बघण्यासाठी नसतो. तो अपघात झालाच तर वाचवण्यासाठी असतो.

खरा उपाय: बंद पेटी

खर्च करायचाच तर आधी पेटीवर करावा. गॉगल एका माणसाचे डोळे वाचवतो. दुकानात डोकावणारे गिऱ्हाईक, शेजारचा कारागीर आणि घरातले मूल यांना वाचवते ती पेटी. गरज किती आहे तेही पाहा: पांढऱ्या पृष्ठभागाने ५ वॅटचा सगळा निळा उजेड चौफेर विखुरला असे धरले, तर दिवसभर ठिपका बघत बसणाऱ्यासाठी सुरक्षित अंतर सुमारे सव्वा मीटर येते. काम करणारा माणूस अर्ध्या मीटरवर वाकलेला असतो. स्टीलची पट्टी, चकचकीत टाइल किंवा ॲनोडाइज्ड पत्र्यावरून झोत आरशासारखा परतला तर या अंतराला काही अर्थ राहत नाही.

४०० बाय ४०० मिलिमीटर कामाच्या यंत्राला आतून ७०० बाय ७०० आणि ४०० उंच पेटी पुरते. खरेदीआधी यंत्राची बाहेरची मापे आणि गॅन्ट्री (लेझर वाहणारी सरकती चौकट) पूर्ण सरकल्यावर लागणारी जागा मोजून घ्या. बाजू १२ मिलिमीटर प्लायच्या. आतून ०.८ मिलिमीटर जीआय पत्रा लावा आणि त्यावर सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा हीटप्रूफ स्प्रे दोन हात मारा. नुसता पत्रा चकचकतो, नुसता प्लाय काळा पडून पेटू शकतो.

झाकणाला पूर्ण लांबीची पियानो बिजागरी लावा. दोन सुट्या बिजागऱ्यांच्या मधल्या फटीतून उजेड येतो. झाकणाची कड चारही बाजूंनी पेटीवरून २५ मिलिमीटर खाली उतरली पाहिजे. वायर आत नेताना सरळ भोक पाडू नका, आत एल आकाराचा आडोसा द्या. धुरासाठी १०० मिलिमीटरचा डक्ट आणि पंखा. डक्टच्या तोंडाशी आतून पत्र्याचे दोन आडवे पडदे समोरासमोर असे बसवा की हवा वळून जाईल, उजेड सरळ जाणार नाही.

झाकण उघडताच लेझर बंद व्हायला हवा, आणि तो सॉफ्टवेअरने नव्हे, विजेने. दोन्ही कोपऱ्यांत एकेक मायक्रोस्विच बसवा. झाकणाने दाबला गेल्यावरच जोडला जाणारा कॉन्टॅक्ट वापरा आणि दोन्ही स्विच एकापाठोपाठ, सिरीजमध्ये जोडा. ते लेझर मॉड्यूलच्या, म्हणजे डायोड असलेल्या डबीच्या १२ किंवा २४ व्होल्टच्या वायरवर आणा. पीडब्ल्यूएमची, म्हणजे लेझरची शक्ती कमीजास्त करणाऱ्या सिग्नलची वायर तोडून भागत नाही, कारण काही मॉड्यूल सिग्नल सुटला की पूर्ण जोमाने पेटतात. प्रवाह ४-५ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून मध्ये रिले टाकलेला बरा, आणि तोही होल्डिंग कॉन्टॅक्टसकट. झाकण परत लावल्यावर लेझर आपोआप सुरू होता कामा नये, वेगळे बटण दाबावे लागले पाहिजे. कंट्रोल पॅनेल बांधणाऱ्या कुठल्याही वायरमनला ही जोडणी पाठ असते.

चाचणी मॉड्यूल न जोडता करा. त्याच्या प्लगवर मल्टिमीटर लावा आणि झाकण हळूहळू उचला. कड २० मिलिमीटर वर येण्याआधी व्होल्टेज शून्य झाले पाहिजे, म्हणजे २५ च्या कडेखालून उजेड निसटायच्या आत लेझर बंद. झाले नाही तर स्विच खाली सरकवा.

मग उजेडाची फट शोधा. पेटीत १० वॅटचा एलईडी बल्ब लावून झाकण बंद करा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटे थांबा. मग चारही बाजूंनी, वरून आणि टेबलाखालून बघा. जिथे रेघ दिसेल तिथे खडूची खूण करा आणि पत्र्याची पट्टी ठोका. काळी चिकटपट्टी लावून भागवू नका, ती उष्णतेने सुटते.

काम बघायला खिडकीऐवजी आत एक यूएसबी कॅमेरा बसवा. तो कोपऱ्यातून तिरका बघू द्या, झोताच्या परतीच्या वाटेवर ठेवलात तर त्याचा सेन्सर जळेल. खिडकी हवीच असेल तर ४५० ची ओडी लेखी देणाऱ्याकडून लेझरसाठीचीच शीट घ्या. साइनबोर्डवाल्याकडची नारिंगी शीट दिसायला तशीच असते, लेखी मात्र काही मिळत नाही.

पेटी बंद असली तरी यंत्र चालू ठेवून बाहेर जाऊ नका. एमडीएफ कधीही पेट घेतो. रेक्झिन आणि इतर पीव्हीसी कोरू नका, त्यातून निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू फुप्फुसे आणि यंत्र दोन्ही खातो.

मिरवणुकीतले लेझर

२०२३ आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे, कोल्हापूर भागांतून लेझर झोतांनी दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यानंतर "कोणता गॉगल घालून जावे" असे अनेक जण विचारतात. असा गॉगल नाही. त्या प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेझर एकत्र असतात. निळा अडवणारी नारिंगी काच लालला वाट देते, लाल अडवणारी निळसर काच निळ्याला. तिन्ही अडवणारी काच घातली तर समोरचा रस्ताही दिसणार नाही. झोत गर्दीवर फिरत असेल तर पाठ फिरवा, मुलांना खांद्यावर घेऊ नका आणि मोबाइलने त्या दिशेला चित्रण करू नका. मंडळांनी झोत लोकांच्या उभ्या जागेपासून किमान ३ मीटर वर ठेवावा, ही अमेरिकेतल्या कार्यक्रमांची अट आहे. पण गच्च्या आणि गॅलऱ्यांतून माणसे बघत असतात अशा आपल्या गल्ल्यांत तीही पुरत नाही. इथे झोत वापरूच नये.

डोळ्यात गेलाच तर

दृष्टिपटलाला दुखत नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. दृष्टीच्या मधोमध न जाणारा काळा किंवा रंगीत डाग, सरळ रेघा वाकड्या दिसणे, अचानक धूसर होणे ही लक्षणे. एकेक डोळा झाकून टाइलच्या किंवा खिडकीच्या गजांच्या रेघा बघा. डोळा चोळू नका, मनाने थेंब घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे, शक्यतो रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा. बाहुली मोठी करून तपासणी आणि ओसीटी स्कॅन (दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र) यांत इजा दिसते. यंत्राच्या लेबलचा फोटो बरोबर न्या. तरंगलांबी, वॅट, झोत अखंड होता की स्पंदांचा, किती अंतरावरून आणि साधारण किती वेळ, एवढे डॉक्टरांना सांगा. सीओटूचा झोत लागला असेल तर इजा पुढच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला होते. तिथे डोळा खुपतो, लाल होतो आणि पाणी वाहते, आणि डॉक्टरही आधी तोच भाग तपासतात.